चाकाची पकड आणि तिचे नियंत्रण : बारामती-इंदापूर भागातील अनुभवाचा ऐतिहासिक विचार

१

मोटारगाडीचे चाक चिखलात अथवा निसरड्या रस्त्यावर जागच्या जागी फिरू लागले असता ते ओळखून इंजिनाचा जोर आपोआप आवरणारी योजना आज अनेक गाड्यांत असते. तिला ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी ‘घसरनियंत्रण’ हा शब्द योजिला आहे. अशी योजना स्वतःच्या हाताने, एखाद्या लहान गॅरेजमध्ये अथवा महाविद्यालयाच्या कर्मशाळेत तयार करता येईल काय, असा प्रश्न हौशी यंत्रज्ञ व अभियांत्रिकीचे विद्यार्थी वारंवार विचारतात. प्रश्न तांत्रिक आहे हे खरे. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो केवळ परदेशांतील मोटार कारखान्यांचा इतिहास नव्हे. जेथे जेथे जड ओझे मऊ जमिनीवरून ओढावे लागले, तेथे तेथे हा प्रश्न कोणीतरी सोडविलेला आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके त्याचे उत्तम उदाहरण होत.

कोणत्याही घसरनियंत्रणात तीन कार्ये असतात. पहिले, घसर होत आहे हे ओळखणे. दुसरे, ती किती होत आहे हे मापणे. आणि तिसरे, जोर कमी करून किंवा पकड वाढवून तिला आळा घालणे. ह्या निबंधाचे प्रतिपाद्य असे की, ह्या भागातील गाडीवान व ट्रॅक्टरचालक ह्यांनी पहिले व तिसरे कार्य फार पूर्वीपासून साधले होते. उणीव होती ती दुसऱ्या कार्याची, म्हणजे मापनाची. ही उणीव केवळ शास्त्रीय नव्हती. जे मापले जात नाही त्याचा भार कोणावर पडतो हेही दिसत नाही, आणि येथे तो भार प्रथम बैलाच्या मानेवर व नंतर चालकाच्या जिवावर पडला.

२

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. बारामती व इंदापूर हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील तालुके आहेत. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, व तोही बेभरवशाचा. अशा कोरड्या मुलुखात चाक रुतण्याचा प्रश्न मुळात उद्भवावाच का, अशी शंका वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर कालव्यात आहे.

१८७६-७७च्या दुष्काळानंतर सरकारने हाती घेतलेल्या कामांपैकी नीरा डावा कालवा हे एक प्रमुख काम होय. वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेला हा कालवा १८८५मध्ये सुरू झाला. त्याला भोरकडील भाटघर धरणाचे पाणी मिळू लागले. सुमारे शंभर मैल लांबीचा हा पाट पुरंदर, बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांतून जातो. भाटघर येथे १९२८मध्ये लॉईड धरण पुरे झाल्यावर पाण्याची शाश्वती वाढली. पाणी आले, त्यामागून ऊस आला, आणि उसामागून ओली जमीन आली.

येथील काळी जमीन ही चिकणमातीची. तिच्यातील खनिज पाणी शोषून फुगते व वाळली की आकसून भेगा पाडते. कोरडी असता ती दगडासारखी कठीण असते. ओली झाली की चाकाला व पायाला चिकटते आणि तिच्या आतल्या थराची घसरगुंडी होते. कालव्याच्या पाण्याचा निचरा न झाल्यामुळे ह्या भागात पुष्कळ जमीन पाणथळ व पुढे खारवट झाली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सी. सी. इंग्लिस ह्यांच्यासारख्या अभियंत्यांना निचऱ्याचा प्रश्न अभ्यासावा लागला. शेतीच्या इतिहासात हा प्रश्न पिकाच्या दृष्टीने मांडला जातो. वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर त्याच पाण्याने बांधाकडेच्या गाडीवाटाही मऊ केल्या. परतीचा पाऊस भाद्रपद-आश्विनात पडतो व त्याच सुमारास उसाच्या गळिताची तयारी सुरू होते. म्हणजे हंगामाच्या आरंभीच सर्वांत जड माल सर्वांत ओल्या वाटेवरून न्यावा लागे. मुलूख कोरडा, पण वाट ओली, असा हा विलक्षण प्रकार आहे. येथील घसर ही आकाशातून पडलेली नाही, ती पाटाने आणलेली आहे.

३

कालव्याच्या आरंभकाळी वाहन एकच होते, ते म्हणजे लाकडी चाकांची व लोखंडी धावेची बैलगाडी. हिच्या संबंधात एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. मोटारीचे चाक स्वतः ओढते. गाडीचे चाक ओढले जाते. म्हणून बैलगाडीत पकडीचे स्थान चाक नव्हे, तर बैलाचे खूर होय. खूर जमिनीत रोवला जातो, बैल मान खाली घालून पुढे झुकतो व आपल्या वजनाचा भाग जुवावर आणतो. पाय सटकला तर तो आपण होऊन जोर सोडतो, पुन्हा पाय रोवतो व नव्याने ओढ घेतो. घसर ओळखणे, तिचे मान ठरविणे व जोर आवरणे ही तिन्ही कार्ये येथे एकाच सजीव देहात एकवटलेली आहेत. आजच्या विद्युत्‌यंत्रणेने जे साधावयाचे ते बैल क्षणार्धात साधतो. गाडीवानाचे काम त्याला ते करू देणे एवढेच असे. कासऱ्याने घाई करणारा गाडीवान गाडी अधिकच रुतवी.

अर्थात ह्या योजनेची किंमत बैल देत होता. रुतलेली गाडी उपसताना जुवाखालील कातडे सोलवटते, खांदा सुजतो. गाडीचे वजन मागे कलले तर जू वर उचलले जाते, पुढे कलले तर मानेवर बसते. म्हणून माल भरताना ‘उलाळ’ व ‘धुराळ’ होऊ नये ह्याची दक्षता जाणता गाडीवान घेई. डांबरी सडका झाल्यावर आणखी एक अडचण उद्भवली. कठीण वाटेसाठी खुरांना ठोकलेली लोखंडी पत्री मातीत व खडीवर उपकारक होती, परंतु गुळगुळीत डांबरावर तीच निसरडी ठरली. म्हणजे शेतातील पकड व सडकेवरील पकड ह्यांच्या गरजा परस्परविरोधी झाल्या. मोटारीच्या टायराच्या नक्षीविषयी आज जी चर्चा होते तिचे हे पूर्वरूपच होय.

४

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ह्या चित्रात मोठा बदल झाला. १९३२मध्ये परदेशी साखरेवरील जकातीचे संरक्षण मिळाल्यावर देशात साखर कारखाने झपाट्याने निघाले. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) ह्यांनी कारखाना व शेती उभारली, त्या वस्तीचे वालचंदनगर झाले. ह्याच उद्योगपतींनी पुढे १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटार कंपनी स्थापिली. उसाची गाडी व मोटारगाडी ह्यांच्या इतिहासाचे धागे असे एका व्यक्तीच्या उद्योगात गुंफलेले आढळतात.

गुऱ्हाळ शेताच्या बांधावर असते. कारखाना मैलोगणती दूर असतो. उसाचा रस तोडणीनंतर दर दिवशी खालावत जातो, म्हणून माल वेळेवर पोचला पाहिजे. वाटेच्या घसरीचा प्रश्न कारखानदारीमुळे असा काळाशी जोडला गेला. त्याला दोन प्रकारची उत्तरे संभवत होती. एक उत्तर लोखंडी रुळांचे. ज्या खाजगी कारखान्यांची स्वतःची सलग शेते होती त्यांना शेतातून अरुंद रूळ टाकणे परवडण्याजोगे होते, आणि मुंबई इलाख्यातील काही कारखान्यांनी तसे केलेही. रुळावर चाकाचा विरोध इतका अल्प असतो की थोड्या पकडीवर पुष्कळ ओझे ओढता येते. घसरीचा प्रश्न सोडविण्याऐवजी तो टाळला जातो.

१९५०नंतरच्या काळात सहकारी कारखान्यांचे पर्व सुरू झाले. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती हे कारखाने त्या पर्वातील होत. सहकारी कारखान्याचा ऊस हजारो सभासदांच्या विखुरलेल्या तुकड्यांतून येतो. दर तुकड्यापर्यंत रूळ नेणे अशक्य. म्हणून जमिनीच्या मालकीचे स्वरूप बदलताच वाहतुकीचे तंत्रही बदलावे लागले : रूळ मागे पडले आणि प्रत्येक वाहनाने आपापली पकड आपण सांभाळणे भाग पडले. सहकाराच्या इतिहासकारांनी भागभांडवल, ऊसदर व निवडणुका ह्यांचा विचार पुष्कळ केला आहे; वाटेचा व चाकाचा विचार त्यामानाने झालेला नाही.

ह्या परिस्थितीत रबरी टायरची बैलगाडी प्रचारात आली. डनलॉप कंपनीच्या नावावरून तिला ‘डनलॉप गाडी’ हेच नाव लोकांनी दिले. हवा भरलेला रुंद टायर मऊ जमिनीत कमी रुततो, बेअरिंगमुळे आसाचे घर्षण घटते, व त्याच जोडीला लाकडी गाडीच्या दुपटीहून अधिक ऊस ओढता येतो. बीड-अहमदनगरकडून येणाऱ्या ऊसतोडणी कुटुंबांपैकी पुष्कळांचा हंगाम अशा गाडीवरच चाले. त्यांच्या मिळकतीचे मान गाडीत बसणाऱ्या उसाच्या वजनावर होते, म्हणून गाडी भरभरून लादली जाई.

परंतु सुधारणेची दुसरी बाजू येथेच आहे. लोखंडी धावेचा विरोध हा चढावर शत्रू असला तरी उतारावर मित्र होता. तोच गाडीला आवरून धरी. रबरी टायराने तो विरोध काढून घेतला, पण त्याच्या जागी ब्रेक मात्र बहुतेक गाड्यांना मिळाला नाही. उतारावर दोन-तीन टनांचा रेटा बैलांच्या अंगावर येऊ लागला, आणि तो थोपविण्याचे काम खुरांना व मानेलाच करावे लागले. १९६५च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांत टायरच्या गाडीला बिनटायरच्या गाडीहून अधिक ओझे मान्य केले आहे, व लांब तीव्र चढाच्या मार्गावर ते निम्मे करावे असे म्हटले आहे. चढाचा विचार कायद्याने केला. उताराचा बैलावरच सोपविला. ओढण्याची शक्ती वाढविताना आवरण्याची शक्ती त्याच प्रमाणात वाढविली नाही तर सुधारणा अपुरी राहते, हा धडा ह्या गाडीने दिला आहे, आणि पुढे येणाऱ्या हस्तनिर्मित घसरनियंत्रणालाही तो लागू पडतो.

५

ट्रॅक्टर आल्यावर पकडीचे स्थान खुरांकडून चाकाकडे आले. भारतात ट्रॅक्टरांची निर्मिती १९५९पासून आयशर कंपनीने सुरू केली. पाठोपाठ १९६०मध्ये मद्रासला टॅफे व १९६३मध्ये मुंबईला महिंद्र कंपनीच्या सहभागाने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. उजनी धरण १९८०मध्ये पुरे झाल्यावर इंदापूरच्या उत्तर भागातही भीमेचे पाणी उपसून ऊस होऊ लागला, व ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वाहतुकीचे क्षेत्र विस्तारले.

येथे पकडीच्या शास्त्राचा थोडा परामर्श घेणे अवश्य आहे. जमिनीकडून चाकाला मिळणारा जास्तीत जास्त आधार दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, मातीचा चिकटपणा गुणिले टायराचे टेकलेले क्षेत्र. दुसरी, चाकावरील वजन गुणिले मातीच्या आंतरिक घर्षणाचे मान. ह्या विचाराचे मूळ फ्रेंच अभियंता कुलोम ह्याच्या १७७६मधील मांडणीत आहे. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत दुसरा घटक प्रभावी असतो. तेथे घर्षणाचा कोन ३० अंश धरला तर चाकावर १०० किलो वजन वाढविल्यास ओढ सुमारे ५८ किलोंनी वाढते. पाण्याने तुडुंब भरलेल्या काळ्या चिकणमातीत मात्र घर्षणाचा कोन जवळजवळ शून्यावर येतो. तेथे वजन वाढवून काहीच साधत नाही, उलट चाक अधिक खोल जाते. टेकणारे क्षेत्र वाढविणे हाच उपाय उरतो.

ह्या दोन घटकांच्या प्रकाशात चालकांचे प्रचलित उपाय पाहिले असता त्यांतील विवेक स्पष्ट होतो. मागच्या टायरांच्या ट्यूबमध्ये पाणी भरणे, चाकांना लोखंडी वजने लावणे हे कोरड्या रानातले उपाय. चाकांना बाहेरून लोखंडी पट्ट्यांची पिंजरा-चाके जोडणे, टायरातील हवा कमी करून त्याचा पसारा वाढविणे, वाटेत पाचट अंथरणे हे ओल्या रानातले उपाय. कुलोमचे नावही न ऐकलेला चालक त्याच्या समीकरणातील कोणते पद केव्हा उपयोगी पडते हे अनुभवाने जाणतो. मात्र दोन्ही उपाय सरसकट वापरणारे चालकही असतात, आणि ओल्या काळ्या रानात वजन वाढवून ट्रॅक्टर आसापर्यंत रुतवून घेण्याचा प्रकार त्यातून घडतो.

ट्रॅक्टरमध्येच घसरनियंत्रणाची तीन साधने अंगभूत आहेत. पहिले साधन आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन ह्याचे. १९२०नंतरच्या दशकात त्याने नांगराच्या ओढीनुसार अवजार आपोआप वर-खाली करणारी द्रवचलित योजना सिद्ध केली. ओढ वाढली की वरच्या दांडीवर दाब येतो, त्या दाबाने झडप हलते, अवजार किंचित उचलले जाते व त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. घसरीचे कारण ओळखून पकड आपोआप वाढविणारी ही यंत्रणा मोटारीतील घसरनियंत्रणाच्या कितीतरी आधीची आहे. परंतु ती नांगरासाठी आहे. उसाच्या ट्रॉलीला तिचा उपयोग होत नाही.

दुसरे साधन म्हणजे डिफरन्शियल लॉक. डिफरन्शियल दोन्ही चाकांस सारखाच पीळ देतो. त्यामुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की कोरड्यावरील चाकासही तेवढाच क्षीण पीळ मिळतो व ट्रॅक्टर उभा राहतो. लॉक दाबला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. वळणावर तो सोडला नाही तर सुकाणू जुमानत नाही.

तिसरे साधन अधिक मनोवेधक आहे. ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या मागच्या चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात. फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलकेच दाबला की पीळ डिफरन्शियलमधून दुसऱ्या चाकाकडे जातो व ट्रॅक्टर निघतो. आजच्या मोटारींतील विद्युत्‌यंत्रणा निसटणाऱ्या चाकाला ब्रेक लावून नेमके हेच करते. बारामतीच्या रानातील चालक पायाने जे करतो तेच जर्मन कारखान्यातील पेटी सेकंदाला अनेकदा करते, इतकाच भेद. मात्र सडकेवर येताना दोन्ही पायटे खटक्याने एकत्र जोडलेच पाहिजेत. एरवी वेगात एकच ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो.

सडकेवरील धोक्याचे आणखी एक कारण ट्रॉली होय. दुचाकी ट्रॉली आपल्या ओझ्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर टाकते. त्यामुळे मागची चाके दबून पकड वाढते, पण पुढची चाके हलकी होतात. चढावर ती उचललीही जातात, आणि मग सुकाणू निरुपयोगी होते. मागील पकड पुढील पकडीच्या मोलाने विकत घेतली जाते, असे हे गणित आहे. पुढे वजने बांधणे हा त्यावरील रूढ उपाय. ओढणारी चाके व वळविणारी चाके ह्यांचे हिशेब वेगळे करता येत नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

६

आता मोटारगाडीकडे वळू. मापनाची उणीव येथे भरून निघाली. विमानांच्या चाकांसाठी डनलॉपने १९५०च्या सुमारास ‘मॅक्सारेट’ नावाचा, चाक अडकू न देणारा ब्रेक तयार केला होता. १९६६मध्ये जेन्सन एफएफ ह्या मोटारीत तो बसविला गेला, आणि त्याच गाडीत फर्ग्युसनच्या संशोधनसंस्थेची चारही चाकांना जोर देणारी योजना होती. नांगरापासून मोटारीपर्यंतचा हा दुवा मुद्दाम नोंदण्याजोगा आहे. १९७१मध्ये अमेरिकेतील ब्यूक कंपनीने चाकांच्या वेगाची तुलना करून इंजिनाचे प्रज्वलन क्षणभर तोडणारी योजना दिली. बॉश कंपनीची ब्रेक-यंत्रणा १९७८मध्ये व तिच्यावर आधारलेले घसरनियंत्रण १९८६मध्ये मर्सिडीज गाड्यांत आले. आधी मापन, मग नियंत्रण, असा हा क्रम आहे.

स्वतः घसरनियंत्रण तयार करू इच्छिणाऱ्याने ह्याच क्रमाने जावे. घसरीचे मान काढण्यास एक खडू व फीत पुरेशी आहे. टायरावर खूण करावी. ओझ्याविना दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर समजा ३८ मीटर गेला व ओझ्यासह ३२.३ मीटर गेला, तर घसर १५ टक्के झाली. रबरी टायरांच्या ट्रॅक्टरांची ओढ मापताना चाचणीकेंद्रेही १५ टक्के हीच घसरीची मर्यादा धरतात. घसर शून्य असणे इष्ट नव्हे, शक्यही नव्हे. मातीत थोडी घसर झाल्याशिवाय आधारच उत्पन्न होत नाही. सामान्यतः १० ते १५ टक्क्यांच्या आसपास काम उत्तम होते, त्यापलीकडे इंधन व टायर झिजतात आणि गाडी तेथेच राहते.

मोटारीत हेच मापन सतत व्हावे लागते. चाकासोबत दात असलेले एक कडे फिरते व शेजारचा चुंबकीय संवेदक दात मोजतो. ज्या चाकांना इंजिनाचा जोर नाही ती गाडीचा खरा वेग सांगतात. जोर असलेली चाके त्यांहून किती अधिक फिरतात ती घसर होय. तत्त्व इतके सोपे आहे. परंतु तीन अडचणी आरंभीच विचारात घ्याव्या लागतात.

पहिली मंद वेगाची. कड्यास ४८ दात व टायराचा घेर १.८ मीटर धरला तर ताशी १० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ७४ दात मोजले जातात, ताशी ३ किलोमीटरला केवळ २२. चिखलातील घसर नेमकी मंद वेगातच होते, म्हणजे गरज सर्वांत अधिक तेथे मापन सर्वांत ठोकळ. दुसरी अडचण वळणाची. चाकांमधील अंतर १.४ मीटर असून गाडी ७ मीटर त्रिज्येने वळली तर आतल्या व बाहेरच्या चाकांच्या मार्गांत त्रिज्येच्या २० टक्के फरक पडतो. एकेका चाकाची तुलना करणारे यंत्र ह्या फरकालाच घसर समजेल. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली तरी पुढची चाके मागच्यांहून मोठ्या वर्तुळात फिरतात. दोन आसांतील अंतर २.४ मीटर असता हा फरक सुमारे ५.७ टक्के होतो. मागची चाके ओढणारी असतील तर तेवढी घसर लपून राहते. तिसरी अडचण आपण वर पाहिलीच : ट्रॉलीच्या भाराने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेली तर तुलनेचा आधारच नाहीसा होतो. चाक हवेत थांबते, आणि यंत्र मात्र मागची चाके शंभर टक्के घसरत आहेत असे समजून चढावरच इंजिनाचा जोर तोडते. इतिहासाकडे दुर्लक्ष करून केलेली रचना कशी प्राणघातक होऊ शकते ह्याचे हे उदाहरण होय.

जोर आवरण्याचे मार्गही वाहनानुसार भिन्न आहेत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी तोडली तर न जळलेले इंधन धुराड्यातील शोधकयंत्रात जाऊन ते तापते व बिघडते, म्हणून इंधनाचा फवारा तोडणे अधिक योग्य. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. तेथे इंधनपंपाच्या नियामकावर काम करावे लागते. ब्रेकच्या नळ्यांत हात घालणे हा तिसरा मार्ग हौशी माणसाने वर्ज्य मानावा, कारण तेथील चूक नियंत्रण नाहीसे करते. पहिले प्रयोग बंद आवारात, ओझ्याविना, व एका खटक्याने संपूर्ण योजना निष्क्रिय करता येईल अशा व्यवस्थेनेच करावेत.

एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्यास अनुकूल आहे. एप्रिल २०१९पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना चाक अडकू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले, त्यामुळे दर चाकाचा वेग सांगणारे संवेदक आता सामान्य गाडीतही असतात. जी गोष्ट बैलगाडीला व ट्रॅक्टरला कधी लाभली नाही ती, म्हणजे मापन, मोटारीत तयारच आहे. पण ज्या वाहनाने ह्या मुलुखाचा ऊस वाहिला त्याच्याजवळ ती अद्याप सामान्यतः नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने तयार होतात व शहरात अभियांत्रिकी शिक्षणाची सोयही आहे. तेथील कर्मशाळांना प्रयोगासाठी विषय शोधत परगावी जावे लागू नये.

७

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. घसरनियंत्रण ही मोटारीबरोबर जन्मलेली कल्पना नव्हे. बैलाच्या देहात ती संपूर्ण होती. डनलॉप गाडीत तिचा ओढीचा भाग सुधारला पण आवरण्याचा भाग मागे राहिला. ट्रॅक्टरमध्ये ती चालकाच्या पायात व अनुभवात विखुरली गेली. मोटारीत मापनाच्या जोरावर ती पुन्हा एकत्र आली. दर टप्प्यावर अपुऱ्या नियंत्रणाचे मोल कोणीतरी दिले आहे, आणि ते मोल देणारा बहुधा वाहनाचा मालक नव्हता.

म्हणून येथे संशोधनास दोन दिशांनी वाव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कारखान्यांच्या गाडी-नोंदी, वजनकाट्याची पुस्तके, लोहार-सुतारांचे व गॅरेजचे हिशेब आणि वृद्ध गाडीवानांच्या व पत्री मारणाऱ्या कारागिरांच्या आठवणी ही साधने ती नष्ट होण्यापूर्वी गोळा करावीत. टायरची गाडी आली तेव्हा ओझे किती वाढले, बैल किती हंगाम टिकला, उतारावर अपघात कोठे झाले, हे प्रश्न अद्याप विचारलेच गेलेले नाहीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मोटारीच्या आधी उसाने भरलेल्या ट्रॉलीची घसर मापावी, आणि तीही पुढच्या आसावरील भारासह. खडू, फीत व वजनकाटा एवढ्यावर हे काम आरंभिता येते. त्या आकड्यांवर उभारलेली रचना ह्या वाटांवर टिकेल. केवळ परक्या आराखड्याची नक्कल असेल तर ती पहिल्याच ओल्या चढावर थांबेल.